नकाशातील कोळीवाडा : स्थानिक प्रशासनात भौगोलिक माहिती प्रणाली

मुंबईच्या दक्षिण भागात कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावरून समुद्राच्या बाजूस वळले की, कफ परेडच्या उंच इमारतींच्या सावलीत मच्छीमार नगर लागते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, दुरुस्तीसाठी पसरलेली जाळी, एकमेकींना खेटून उभी असलेली घरे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या जेमतेम माणूसभर रुंदीच्या वाटा, असे या वस्तीचे स्वरूप आहे. प्रशासकीयदृष्ट्या ती बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ‘ए’ विभागात मोडते. येथे येणाऱ्या भूमापकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो असा की, नकाशावर या जागेला नाव काय द्यावयाचे? कोळीवाडा, झोपडपट्टी, शासकीय जमीन, की मोकळा किनारा? उत्तर एका शब्दाचे असले, तरी त्या शब्दावर येथील कुटुंबांचे घर, होडी लावण्याची जागा आणि मासळी वाळविण्याची जागा अवलंबून असते.

किनारा ही येथे मुळातच स्थिर रेषा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबई नगर सुधार न्यास स्थापन झाला. त्या न्यासातील टी. डब्ल्यू. कफ यांच्या नावावरून ‘कफ परेड’ हे नाव पडले. ही जागाच समुद्र हटवून तयार केलेली आहे. पुढे १९२० च्या दशकात बॅकबे भरावाची मोठी आणि बरीच वादग्रस्त ठरलेली योजना हाती घेण्यात आली, आणि स्वातंत्र्यानंतरही भराव चालू राहिला. १८६५ ते १८७२ या काळात लाफ्टन यांच्या देखरेखीखाली मुंबई शहराची जी मोजणी झाली, तिच्या नकाशांत या भागात जेथे पाणी दाखविले आहे तेथे आज रस्ते आणि वीस-वीस मजली इमारती आहेत. समुद्र जसजसा मागे हटविला गेला, तसतसा कोळ्यांचा किनाराही सरकत गेला. कागदी नकाशे मात्र आपापल्या काळी थांबलेले असतात.

त्यातच या चिंचोळ्या पट्ट्यावर अनेक कार्यालयांचे अधिकार एकत्र येतात. पाणी, मलनिःसारण आणि मालमत्ता कर महापालिकेकडे. जमिनीचा अभिलेख जिल्हाधिकाऱ्यांकडे. होड्यांची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. खारफुटीचे रक्षण वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. किनाऱ्याची सुरक्षा पोलिसांकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी उतरले ते याच परिसराच्या किनाऱ्यावर. त्या घटनेनंतर होड्या, मच्छीमारांची ओळखपत्रे आणि होड्या लागण्याच्या जागा यांच्या नोंदी काटेकोर ठेवण्याची निकड सर्वांनाच पटली. पण प्रत्येक कार्यालयाचा नकाशा वेगळा, त्याचे प्रमाण वेगळे आणि तारीखही वेगळी असली, तर पाच अचूक नकाशांतूनही एक खरे चित्र तयार होत नाही. हे नकाशे एकमेकांवर बरोबर बसविण्याचे जे शास्त्र आणि तंत्र आहे, त्यालाच भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात.

नकाशा आणि नोंदवही यांचा मेळ

प्रणाली हा शब्द भारदस्त असला तरी तिची मूळ कल्पना कोणत्याही तलाठी कार्यालयाला परिचित आहे. गावाचा नकाशा आणि सात-बारा या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि गट क्रमांक हा त्यांना जोडणारा दुवा असतो. भौगोलिक माहिती प्रणालीत हाच दुवा संगणकात कायमचा बांधला जातो. नकाशावरील प्रत्येक बिंदू, रेषा किंवा आकृतीमागे नोंदींची एक ओळ असते. नळाच्या बिंदूमागे तो कधी बसविला याची तारीख, गटाराच्या रेषेमागे तिचा व्यास आणि उतार, घराच्या आकृतीमागे मालमत्ता क्रमांक. एकाच विषयाच्या अशा सर्व आकृतींचा मिळून एक थर होतो. थरावर थर ठेवून ‘खारफुटीपासून ५० मीटरांच्या आत किती घरे आहेत’ यासारखा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर यादीच्या रूपाने मिळते. कॅनडात १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमिनीची पाहणी संगणकावर आणण्यासाठी अशा प्रणालीचा पाया घातला. कागदी नकाशे हाताने एकमेकांवर ठेवून एवढ्या मोठ्या देशाची जमीन अभ्यासणे मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे होते, ही त्यामागील साधी अडचण होती.

‘स्थान’ या एका घटकाने माहितीचा अर्थ कसा बदलतो, याचे मुंबईइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एकाच महापालिकेच्या हद्दीत एका टोकाला महापूर आणि दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातील नेहमीचा दिवस! कफ परेडच्या मच्छीमाराने त्या दिवशी ‘आज फार पाऊस नव्हता’ असे म्हटले असते, तर ते खोटे नव्हते. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या आपत्तीचा अभ्यास केला आणि पुढील काळात महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. पर्जन्यमापक कोठे आहे, तेथील जमिनीची उंची किती आणि पाणी कोणत्या नाल्याकडे वाहते, या तीन गोष्टी एका नकाशावर आल्याशिवाय पावसाचा आकडा आपत्ती व्यवस्थापनाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

आकाशातून छप्पर दिसते, व्यवसाय दिसत नाही

या तंत्राची मर्यादाही मच्छीमार नगरसारख्या वस्तीतच उत्तम समजते. उपग्रहाने किंवा विमानातून घेतलेल्या प्रतिमेत पत्र्याची छपरे एकमेकांत मिसळलेली दिसतात. पावसाळ्यात त्यांवर निळे ताडपत्रीचे आच्छादन येते आणि दोन घरांमधील वाटही नाहीशी होते. संगणकावर बसलेला आरेखक या रंगाला आणि दाटीला ‘झोपडपट्टी’ समजतो. त्यात त्याचा दोष थोडा आणि पद्धतीचा अधिक असतो. छपराखाली पिढीजात मासेमारी करणारे कुटुंब राहते, समोरची मोकळी जागा ही रिकामी जमीन नसून मासळीचे वाळवण आहे, किंवा काठावरची शेड ही जाळी ठेवण्याची सामायिक जागा आहे, हे प्रतिमेत दिसत नाही. ते विचारावे लागते.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते नेलेले, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळे वगळलेली, कोळीवाडे व गावठाणे यांच्या सीमा न दाखविलेल्या किंवा त्यांना झोपडपट्टीचे नाव दिलेले, अशा हरकतींचा पाऊस पडला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने चुका दुरुस्त करून मसुदा नव्याने तयार करण्याचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ साली आला आणि आराखड्यास मंजुरी मिळाली ती मे २०१८ मध्ये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्यापूर्वी जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा करावा लागतो. त्या प्राथमिक नकाशात एखाद्या वस्तीला चुकीचे नाव मिळाले की ते पुढील प्रत्येक टप्प्यात तसेच वाहत जाते आणि अखेर आरक्षण म्हणून दारात येऊन उभे राहते.

किनारपट्टीच्या बाबतीत तर कायद्यानेच हे काम सांगितले आहे. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित अभिलेखांत नोंदलेले कोळीवाडे नकाशावर आखून त्यांना तिसऱ्या वर्गाचे क्षेत्र घोषित करावे, म्हणजे तेथील घरांच्या बांधकामाचा व पुनर्बांधणीचा मार्ग मोकळा होईल, असे तीत म्हटले होते. मच्छीमार गावे, त्यांच्या सामायिक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकविण्याचे ओटे मोजणी नकाशाच्या प्रमाणावर दाखविण्यात यावेत, असेही तीत नमूद होते. त्यानंतर २०१९ ची अधिसूचना आली आणि तिला अनुसरून मुंबईचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०२१ साली मंजूर झाला. मासळी सुकविण्याचा ओटा हा राष्ट्रीय अधिसूचनेचा विषय होतो, ही गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्यास नवलाची वाटेल. परंतु १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर दहा मीटरांचा ओटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढाही उरत नाही. १:४,००० प्रमाणावर तो अडीच मिलिमीटरांचा होतो आणि डोळ्यांना दिसू लागतो. प्रमाणाचा हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला तरी कोणाची जागा दिसावी आणि कोणाची दिसू नये, हे त्यानेच ठरते.

खारफुटीचे उदाहरणही येथे उद्बोधक ठरेल. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबविण्याचे आणि उपग्रह प्रतिमांच्या आधारे तिचे नकाशे तयार करण्याचे आदेश दिले. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे या कामी साह्य झाले. १९८८ साली स्थापन झालेले हे केंद्र राज्य शासनाच्या अनेक विभागांना नकाशे व आधारसामग्री पुरविते. कफ परेडच्या किनाऱ्यावरही खारफुटी आहे. प्रतिमेत ती सहज ओळखू येते, कारण झाडाचा हिरवा रंग आपली साक्ष स्वतः देतो. कोळीवाड्याची साक्ष मात्र माणसालाच द्यावी लागते. झाडांचे नकाशे आधी पूर्ण झाले आणि माणसांच्या वस्तीच्या सीमांविषयीचे वाद रेंगाळले, त्यामागील एक कारण हेही असावे.

गावठाणाचे कोरे पान

ग्रामीण वाचकांना हा प्रश्न केवळ मुंबईचा वाटण्याचे कारण नाही. महसुली नकाशात शेतजमिनीचे गट तपशीलवार दाखविलेले असतात आणि मध्यभागी गावठाण मात्र एक कोरी आकृती म्हणून सोडलेले असते. जमीन महसूल संहितेनुसार दोन हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावठाणांची नगर भूमापनाप्रमाणे मोजणी करण्याची तरतूद होती. लहान गावांची घरे नकाशाबाहेरच राहिली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचा कर नोंदलेला असतो, पण ते घर जमिनीवर नेमके कोठून कोठपर्यंत, हे सांगणारा कागद नसतो. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे भारतीय सर्वेक्षण विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि ग्रामविकास विभाग यांनी मिळून गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी करण्याचा प्रयोग केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना जाहीर झाली. तिच्या कार्यपद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा दिवस हा ड्रोन उडण्याच्या आदला दिवस होय. त्या दिवशी ग्रामस्थ, ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेखाचे कर्मचारी मिळून प्रत्येक मिळकतीच्या कडा चुन्याने आखतात. ड्रोन टिपतो तो चुना. चुना कोठे टाकावयाचा, हा निर्णय शेजाऱ्याच्या समक्ष, ओट्यावर उभे राहून झालेला असतो. शहरांच्या जमिनीसाठी ‘नक्शा’ हा कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशातील १५२ नागरी संस्थांत सुरू करण्यात आला. शहरी वस्त्यांत हा चुना कोण आणि कोणाच्या समक्ष टाकणार, हे त्या कार्यक्रमाच्या यशाचे मर्म ठरेल.

या क्षेत्रातील नोकरी

स्थानिक स्वराज्य संस्थांत ‘भौगोलिक माहिती अधिकारी’ अशी पदाची पाटी पाहून प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणाची बहुधा निराशा होते. मोठ्या महानगरपालिका सोडल्या तर असा स्वतंत्र संवर्ग बहुतेक संस्थांत नाही. प्रवेशाचे दरवाजे जुन्याच नावांचे आहेत. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक, नगर रचना विभागातील रचना सहायक व सहायक नगर रचनाकार, महापालिका व नगरपरिषदांतील आरेखक, अनुरेखक आणि कनिष्ठ अभियंता ही ती पदे होत. भूकरमापकाच्या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही अर्हता २०२१ च्या भरतीत होती. सहायक नगर रचनाकाराची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. भूगोलाच्या पदवीधरास भूमाहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पुणे आणि मुंबई येथे घेता येते. डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरशिक्षणाने विनाशुल्क अल्पमुदतीचे वर्ग चालविते. नोकरीत असलेल्यांना त्यांचा मोठा उपयोग होतो. संगणक प्रणालीही महाग असतेच असे नाही. ‘क्यूजीआयएस’ ही विनामूल्य प्रणाली २००२ पासून विकसित होत आली असून नगरपरिषदेच्या बहुतेक गरजा ती भागवू शकते.

परंतु प्रणाली चालविता येणे ही या कामातील पहिली पायरी होय. दुसरी पायरी निर्देशांकांची. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत आणि उपग्रहाद्वारे स्थान दाखविणारी उपकरणे वेगळा गोलाभ वापरतात. दोन्हींची सांगड न घालता थर एकमेकांवर ठेवले तर कित्येक मीटरांचा, प्रसंगी शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडतो. मच्छीमार नगरसारख्या अरुंद पट्ट्यात एवढ्या फरकाने अख्खी वस्ती समुद्रात जाते! शिवाय महाराष्ट्र नकाशाच्या दोन विभागांत वाटला गेला आहे. मुंबई, पुणे, नाशिक ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतात, तर नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे ७८ रेखांशाच्या पूर्वेस असल्याने ४४ क्रमांकाच्या पट्ट्यात येतात. बदली होऊन विदर्भात गेलेला कर्मचारी जुनीच मांडणी वापरू लागला की सगळे हिशेब चुकतात, आणि चूक कोठे झाली हे शोधण्यात आठवडा जातो.

तिसरी पायरी अभिलेखवाचनाची. मुंबई शहरात मिळकतीला भूकर क्रमांक असतो, तर उपनगरांत नगर भूमापन क्रमांक. दोन्हींच्या मोजण्या वेगवेगळ्या काळच्या आहेत. पिवळ्या पडलेल्या कापडी नकाशावरील खुणा, जुनी मोडी टिपणे, दुरुस्तीच्या लाल शाईतील रेषा हे ज्याला वाचता येते त्या कर्मचाऱ्याला कार्यालयात मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. १९८१ च्या आराखड्यातील कोळीवाडा आजच्या प्रतिमेवर बसविण्याचे काम असा माणूसच करू शकतो. ही विद्या कोणत्याही एका अभ्यासक्रमात शिकविली जात नाही. ती अभिलेख कक्षात बसून, निवृत्तीला आलेल्या अनुरेखकाकडून शिकावी लागते. नवे कर्मचारी संगणकात तरबेज आणि जुने कर्मचारी नकाशात तरबेज असे दोन तट पडण्यापेक्षा दोघांना एका टेबलावर बसविणारा कार्यालयप्रमुख या प्रणालीचे खरे भले करतो.

येथे एका दोषाचा उल्लेख करणे भाग आहे. पुष्कळ संस्था संपूर्ण काम बाहेरील सल्लागाराकडे सोपवितात. सल्लागार वर्षभरात देखणा नकाशा तयार करून देतो, देयक अदा होते आणि तो निघून जातो. त्यानंतर नवी जलवाहिनी टाकली, वाट बंद झाली, घराचा मजला वाढला, तर त्याची नोंद नकाशावर घेणारा कोणी संस्थेत उरत नाही. दोन-तीन वर्षांत नकाशा आणि जमीन यांची फारकत होते आणि कर्मचारी पुन्हा जुन्या वहीकडे वळतात. म्हणून या क्षेत्रात कारकीर्द घडते ती नकाशा तयार करणाऱ्यापेक्षा तो जिवंत ठेवणाऱ्याची. पाणीपुरवठ्याची तक्रार आली की आधी नकाशा पाहावयाचा आणि दुरुस्ती झाली की आधी नकाशात नोंद करावयाची, ही सवय ज्या कनिष्ठ अभियंत्याने आपल्या विभागास लावली, त्याच्याकडे पुढे कर आकारणी, आपत्ती व्यवस्थापन आणि विकास आराखडा ही तिन्ही कामे आपोआप चालत येतात. पदाचे नाव तेच राहते. अधिकाराचा आवाका मात्र वाढतो.

पंचायत पातळीवर याची सुरुवात पूर्वीच झालेली आहे. रोजगार हमीच्या कामांची स्थाननिश्चित छायाचित्रे ग्राम रोजगार सेवक घेत आले आहेत; जलयुक्त शिवार अभियानातील बंधाऱ्यांची नोंदही अशीच झाली. सदस्यांनी ही छायाचित्रे केवळ अनुदानाच्या हप्त्यासाठी न वापरता गावाच्या नकाशावर मांडून पाहिली, तर कोणती वाडी दरवेळी सुटते हे ग्रामसभेत दाखविता येईल. शिक्षकांनाही यात वाटा आहे. स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन शिकविताना विद्यार्थ्यांना आपल्या आळीतील विहिरी, वाटा आणि सामायिक जागा यांचा नकाशा करावयास सांगता येतो.

मच्छीमार नगरात किंवा कोणत्याही कोळीवाड्यात पाहणीस जाणाऱ्याने मात्र एक गोष्ट विसरू नये. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. वाळवणाची जागा त्यांनी व्यापलेली असते किंवा ती चिखलात रिकामी पडलेली असते. जुलैतील पाहणीत ती ‘होड्या ठेवण्याची जागा’ किंवा नुसतीच ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदली जाईल. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात आणि उघडीप मिळाली की त्याच जागेवर मासळी पसरली जाते. म्हणून येथील पाहणी वर्षातून दोनदा, एकदा बंदीच्या काळात आणि एकदा हंगामात करावी लागते. वाळवणाचे काम बहुतांशी ज्यांच्या हातात असते त्या कोळणींना सोबत घेऊन प्रत्येक जागेचा वापर विचारून घ्यावा लागतो. आणि नोंदीच्या तक्त्यात ‘पाहणीचा दिनांक’ हा रकाना भरल्याशिवाय कोणतीही आकृती अंतिम म्हणून स्वीकारू नये, असा नियम कार्यालयाने करावा लागतो.